हुंकाराची जागा

मी एक सीडी बोलतेय. स्वतःहून बोलायची मला सवय नाही. कुणीतरी आधी अंगावर काही भरावं लागतं, तेव्हा कुठे तोंड फुटतं. म्हणून थोडं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

धारूरला बसस्टँडसमोर आमेरभाईंचं मोबाईलचं दुकान आहे. तिथल्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या उभ्या डब्यात मी तळाशी होते. वरच्या बहिणी कुणाचं भजन, कुणाची वरात घेऊन केव्हाच गेल्या. माझ्यापर्यंत यायच्या आत लोकांचं मन मोबाईलवर गेलं.

मग एके दुपारी सायली आली. कडेवर झोपाळलेली लेक, खांद्याला कॉलेजातला जुना लॅपटॉप.

"आमेरभाई, कोरी सीडी मिळेल का?"

"सीडी? ताई, ती आता सीताफळाच्या झाडाला टांगाया नेतेत लोक. चमकली की माकडं बिचकतेत."

"आईचा आवाज भरायचाय. अण्णांसाठी."

आमेरभाईंचं हसू थांबलं. त्यांनी मला बाहीनं पुसलं. "ही एकच उरली हाय. जपून बरं का. एकदा भरली की मिटवून परत भरता येत न्हाई."

हे तिला सांगायला नको होतं. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतणारी बाई ती.

सायलीची आई, सत्यभामा, पावसाळ्यात गेली. सायली पुण्यात असताना नातीला झोपवायला ती मोबाईलवर गोष्टी बोलून पाठवायची. आता आवाज म्हणून तेवढाच उरला होता. पण सायलीचे वडील, उत्तरेश्वरअण्णा, मोबाईलला हात लावायला तयार नव्हते. त्यांच्या बोटानं एक गोष्ट पुसली गेली होती.

"मला टेपवर दे. जी मिटत न्हाई अशी," ते म्हणाले होते. घरातल्या सीडी प्लेअरला ते टेपच म्हणायचे. सायलीला दोन दिवसांनी पुण्याला परतायचं होतं. त्याआधी आई अण्णांपाशी ठेवून जायची होती.

मोबाईलमधल्या फाईली त्या जुन्या प्लेअरला कळत नव्हत्या. आधी त्यांचं रूप बदलायचं, मग माझ्यावर उतरवायच्या. सायलीनं इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर घेतलं. गोष्टींचा क्रम तपासला, नावं तपासली, परत तपासली. लेक जागी होईल म्हणून आवाज बारीक ठेवून प्रत्येक गोष्टीचे पहिले दोन शब्द ऐकले. सॉफ्टवेअरच्या ज्या खिडकीत ती हे करत होती, तिच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट बरोबरची खूण घेऊन आधीच बसलेली होती: आवाज नसलेल्या जागा काढून टाका. त्या चौकटीकडे सायलीचं लक्ष गेलं नाही.

मला ऊब लागली. सत्यभामाबाई माझ्या अंगावर गोल गोल उतरल्या.

अण्णा प्लेअरसमोर मांडी घालून बसले. सायलीनं बटण दाबलं.

"गडाखाली एक कोल्हा राहायचा त्याला सीताफळं लई आवडायची एकदा काय झालं..."

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. "कावून थांबना ही?"

"काय झालं अण्णा?"

"आवाज तिचाच हाय. पर ही ती न्हाई. ती वाक्य सोडायची अन् हं म्हणूस्तोवर पुढं जायची न्हाई. हुंकारा न्हाई तर गोष्ट न्हाई, म्हणायची. मला हं म्हणायला जागाच ठेवली न्हाई हिनं."

सायली लॅपटॉपकडे गेली. ती चौकट आता दिसली. ती रडली नाही. आई गेल्यापासून रडलीच नव्हती. नुसती तपासत होती.

"मीच कापलं, अण्णा. एवढं शिकून मला चौकट दिसली नाही. मोबाईलमध्ये अजून तसंच आहे. बीडहून दुसरी सीडी आणते."

अण्णांनी प्लेअरवर बोट ठेवलं. "हे थांबायचं बटण ना?"

"हो."

त्यांनी गोष्ट पहिल्यापासून लावली. गडाखाली एक कोल्हा राहायचा. बोट दाबलं. घर गप्प. "हं," अण्णा म्हणाले आणि बोट उचलून परत दाबलं. त्याला सीताफळं लई आवडायची. "हं."

एकदाही चुकले नाहीत. ती कुठे थांबायची ते त्यांना पाठ होतं.

"दुसरी आणू ना?" सायलीनं विचारलं.

"राहू दे. कापलेलं जागेवर ठेवायचं, एवढं तरी काम हाय मला."

सायली पुण्याला गेली. निघताना प्लेअरची वायर दोनदा बघून गेली. आता रोज जेवण झालं की अण्णा मला लावतात. अंगावर ओरखडे पडलेत, एका गोष्टीत मी अडखळतेसुद्धा. तुम्ही कुणाचा आवाज असा भरून ठेवणार असाल, तर एवढंच मागते, मधल्या गप्प जागा तशाच राहू द्या. त्याही त्या माणसाच्याच असतात.

बटणावर बोट आलंय. मी थांबते. आता ते हं म्हणतील.