मनगट

आमच्या विमानांच्या कारखान्यात सकाळी आल्याबरोबर प्रत्येकाशी हात मिळवायचा, मग काम. ज्याचे हात तेलाने बरबटलेले, तो मनगट पुढे करतो आणि आपण ते धरून हलवायचं. तुलूजमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पॅरिसच्या मुख्य कचेरीतल्या शहाण्यांना मात्र कळत नाही.

रेमों कास्तान यांची मी बावीस वर्षं सेक्रेटरी. माणूस पंधराव्या वर्षी इथेच पत्रे ठोकायला लागला आणि चाळिसाव्या वर्षी संचालक झाला. मोठ्या विद्यापीठाचा शिक्का नाही, म्हणून पॅरिसवाले पाठीमागे त्यांना 'हातोडी' म्हणायचे. आता त्याच पॅरिसला त्यांना सगळ्या कंपनीचं अध्यक्ष करायचं होतं. अट एकच. शुक्रवारी मंत्र्यांसमोर हवाई दलाला नवं लढाऊ विमान द्यायचं, ते उडायला ठीक असल्याच्या कागदावर सही करायची.

आणि बुधवारी तपासनीस फेर्नाँ म्हणाला, "डावा पंख धडाला जोडतो ना, तिथे तडा आहे."

गुरुवारी सकाळी पॅरिसहून द व्होजलाद साहेब आले. कोट असा, की त्याच्यावर बसायला धूळसुद्धा घाबरावी.

"केसाएवढा तडा, कास्तान. महिन्याभराने बघू. खुर्ची तुमची वाट पाहतेय."

"पायलटला काय सांगू? महिनाभर जपून उड म्हणून?"

"तुमचा तो म्हातारा भिंगातून काहीही बघतो."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. फेर्नाँने सदतीस वर्षांत एकदाही खोटा तडा दाखवलेला नाही. मी बोलणारच होते, तेवढ्यात कास्तान साहेब उठले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? चला खाली."

खाली फेर्नाँने रिवाजाप्रमाणे मनगट पुढे केलं. व्होजलादनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. ठोकाठोक थांबली. मला त्या माणसाची इतकी शिसारी आली की सांगता सोय नाही.

कास्तान साहेबांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि पंखाखालच्या झडपेतून कमरेपर्यंत आत शिरले. पाच मिनिटं नुसते बूट दिसत होते. बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन.

"नख अडकतंय. केस नाही, भेग आहे."

"पुरे झालं," व्होजलाद म्हणाले आणि कागद आणि पेन पुढे केलं. "सही करा."

साहेबांनी आपले काळे हात बघितले, मग त्यांना दाखवले. "हात घाण आहेत. सही व्हायची नाही."

"मग धुवा."

"धुतले तरी नाही."

"खुर्ची गेली समजा. ही इथली पण."

"न्या. डळमळते ती, पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो." आणि त्यांनी आपलं मनगट पुढे केलं, निरोपाचं. व्होजलादनी ते काही धरलं नाही.

सही नाही, म्हणून शुक्रवारचा सोहळा रद्द झाला. पॅरिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अध्यक्षपद दुसऱ्याला मिळालं आणि सोमवारी साहेबांना पत्र आलं, महिन्याअखेर मोकळे व्हा. मी ते वाचून रडले. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बदकाचं मांस आणि घेवडा दोनदा वाढून घेतला आणि राहिलेले दिवस पंख उघडून नवा जोड बसवण्यात घालवले.

शेवटच्या सकाळी ते फेरीला निघाले. तीनशे माणसं. पहिल्याने हात पुढे केला, स्वच्छ. दुसऱ्याने, तोही स्वच्छ. रंगकाम करणाऱ्या गटाचेसुद्धा स्वच्छ. एकही मनगट नाही. साबण घासून घासून सगळ्यांचे तळवे लाल झालेले.

साहेब खेकसले. "काय रे, आज कामं बंद आहेत का?"

फेर्नाँने आपला लाल हात त्यांच्या हातात दिला. "विमान काल उडालं, साहेब. उतरलंसुद्धा. तुमच्याशी हात मिळवून झाला, की लागतो कामाला."