बिनकामाचं फिरणं

मी देवराव. जिनिंगात कापसाच्या गाठी उचलता उचलता उभा जन्म गेला. मंग जिनिंग बंद पडली, बायको गेली, पोरगा पुण्याले गेला. घरात राह्यलो मी अन् भिंतीवरची पाल.

त्यात शुगर निघाली. घाटंजीचा डॉक्टर म्हणे, "बाबा, रोज सकाळी फिरत जा."

माह्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, "साहेब, जन्मभर गाठी उचलल्या. या आंगाले अजून कोणता व्यायाम पायजे?"

"तेव्हा उचलल्या. आता काय उचलता?"

आता मी चहाची कपबशी उचलत होतो.

डॉक्टर पुढं बी सांगत होता, वेळेवर जेवा, उपाशी राहू नका. पण आपण कायचं ऐकतो! पारावर बसणाऱ्या डॉक्टरांवर भरोसा जास्त. एक म्हणे, रात्रीचं जेवण सोडलं का शुगर मुळासकट जाते. दुसरा म्हणे, साखर सोडा, गूळ खा, गुळानं काही होत नाई. तिसऱ्यानं कारल्याचा रस सांगतला. मी तिघाईचं बी धरलं. सकाळी कारलं, दिवसभर गुळाचा चहा, संध्याकाळी चूल बंद. खरं सांगू? चूल बंद ठेवाले मले शुगरचं निमित्तच सापडलं होतं. एकट्यासाठी भाकर थापाले मन होत नव्हतं.

मंग फिराले लागलो. आता आमच्या गावात बिनकामाचं कोणी फिरत नाई. शेताकडच्या पांदणीनं जाणाऱ्याच्या हातात विळा राह्यते, डब्बा राह्यते, नाई तं बैलाचा कासरा तरी. मी आपला खाली हात हलवत निघे, नाल्यापर्यंत जाये अन् परत ये.

अन् राजे हो, गावाले माहा पुळकाच आला! ज्या हरिसिंगनं कधी राम राम घेतला नाई, तो नाल्यावर येऊन माह्याजवळ बसे. "देवरावभाऊ, पोराचा फोन येते ना?" दुसरा कोणी विचारे, "जेवले का?" शेजारची इंदूबाई तं रोज पांदणीनं दुरून मांगं मांगं. मी थांबलो का ती बी थांबे. खोटं कायले बोलू, मले लय बरं वाटे. मांगं कोणाच्या तरी चपलांचा आवाज हाये, एवढ्यावर माहा दिवस निघे.

एका सकाळी पोटात अन्नाचा कण नाई, वरून कारलं. नाल्याच्या काठी डोळ्यापुढं अंधारी आली अन् मी मटकन खाली बसलो. इंदूबाई धावत आली. तिनं माह्या मुठी उघडून पाह्यल्या, तोंडाचा वास घेतला.

"काय घेतलं? देवरावभाऊ, खरं सांगा, काय घेतलं?"

"कारल्याचा रस!" मी खेकसलो. "अन् तुम्ही काहून माह्या मांगं फिरून राह्यल्या?"

तिनं माहे हात सोडले नाईत. "आमचे हे बी असेच जेवण सोडून बसलते. त्या दिवशी म्हणे, जरासा फिरून येतो. डब्बा घरीच ठेवून गेले. मले वाटलं, विसरले असतील."

तिचा मालक, मारोतराव. कापसाच्या एका वाईट वर्षी फवारणीचं औषध पिऊन गेलेला. तसल्या वर्षांत गावानं अशी किती माणसं पाह्यली होती, अन् मले काही सुचलंच नाई. हरिसिंगचा राम राम, ते "जेवले का", सारं आता कळलं. खरं सांगतलं तं उद्यापासून मांगं कोणी येणार नाई. पण तिचे हात पाहून खोटं बोलवेना.

"मले शुगर हाये," म्हटलं. "डॉक्टरनं फिराले सांगतलं. मराचं असतं तं एवढं कडू कायले प्यालो असतो?"

ती हसली नाई. पदरानं तोंड पुसलं अन् घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पांदणीत मांगं वळून पाह्यलं. कोणी नाई. नाल्यावर हरिसिंग बी नाई. गावभर झालं होतं, देवरावले निस्ती शुगर हाये. निस्ती! बायको गेली तेव्हा बी मी एवढा एकटा नव्हतो. अर्ध्या रस्त्यातूनच परत फिरलो. उद्यापासून फिरणं बंद, असं ठरवूनच टाकलं.

दुसऱ्याच सकाळी कडी वाजली. दारात इंदूबाई, हातात स्टीलचा डब्बा.

"खाली हातानं जाऊ नका. पाहणाऱ्याच्या जीवाचं पाणी होते."

"काय हाये त्यात?"

"ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी. नाल्यावर बसून खा. डब्बा मले परत पायजे."

नाल्यावर डब्बा उघडला. झाकणावर नाव कोरलं होतं, मारोतराव. झाकण मांडीवर ठेवलं. सगळं खाल्लं.

कोणाचा डब्बा खाली परत देत नसतात. घरी धुतला, कोरडा केला, अन् त्यात मूठभर साखर टाकली. तशी बी ती आता माह्या कामाची नव्हती. इंदूबाईनं दारातच झाकण उघडून पाह्यलं. मंग पाठमोरी झाली अन् लय वेळ तो कोरडा डब्बा पदरानं पुसत राह्यली.

"उद्या डब्बा घ्याले जरा लवकर या," ती तशीच म्हणाली. "अन् तो गूळ बंद करा. गूळ बी गोडच राह्यते."