सकवारबाईंच्या मागे धावलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. बेंगळुरूच्या विमानतळावर माझी सारी हयात गेली. मित्रांनो, तुम्ही इथे विमानं बघता, चकचकीत दुकानं बघता. माझ्याकडे लक्ष गेलंच, तर चटकन नजर वळवता. पूर्वी मला त्याचा राग यायचा.

कारखान्यातून आले तेव्हा माझी निळी बैठक नवीकोरी होती. मोठ्या साहेबांनी स्वतः बसून एक फेरी मारली आणि "झकास!" म्हणाले. पुढे बैठकीला ठिगळ लागलं, डावं चाक कुरकुरू लागलं. नव्या खुर्च्या आल्या तशी माझी रवानगी खांबामागे झाली. आता गर्दीच्या दिवशी तेवढी आठवण होते. मला ढकलतो रत्नाकर. तो इथलाच, घरी मराठी बोलणारा. अकरा वर्षं त्याचे हात माझ्या मुठींवर आहेत.

एक गोष्ट मला नेहमी सलते. माझ्यावर बसणारे कितीतरी लोक चांगले धडधाकट असतात. आईला विमानतळ नवा, मुलाला सुट्टी नाही. मग मुलगा तिकिटासोबत खुर्ची मागतो, म्हणजे आईला कुणीतरी थेट विमानापर्यंत नेतं.

सकवारबाई अशाच आल्या. चिकपेटेच्या बाजारात साड्यांना फॉल लावणाऱ्या, दिवसातून दहा वेळा जिने चढणाऱ्या बाई. नागपूरला त्यांच्या लेकीला, नयनाला, सकाळीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा शंभूराज व्हाइटफील्डच्या ऑफिसात अडकलेला. "हे विमान चुकलं तर पोर एकटी पडेल रे," असं त्या रत्नाकरला दोनदा म्हणाल्या. खुर्चीत बसायची लाज वाटत होती, म्हणून सगळी वाट मान खाली.

वाटेत एका बाकावर सूर्यकांत नावाचे आजोबा बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या मुंबईच्या विमानाचं गेट पंधरा मिनिटांत बंद होणार होतं आणि एकही खुर्ची शिल्लक नव्हती. काउंटरवरची मुलगी फोन करून करून रडकुंडीला आली होती. आजोबा काठी टेकून उठले, दोन पावलं चालले आणि मटकन खाली बसले.

"स्वल्प, जरा थांब रे अण्णा," म्हणत सकवारबाई उतरल्या. "यांना बसव."

"अक्का, यांचं गेट त्या टोकाला, तुमचं या टोकाला. तुमचं विमान चुकलं तर?"

त्यांनी हातातला पास एकदा पाहिला. नयना आठवली असणार. मग म्हणाल्या, "मला पाय आहेत की. त्यांनी काय करावं? चल, मीपण येते."

माझा दांडा घट्ट धरून त्या चालल्या. आजोबा वेळेत पोचले. त्यांनी नुसते हात जोडले.

आम्ही मागे फिरलो. आता मान वर होती, तेव्हा सकवारबाईंना पाट्यांवरची कन्नड अक्षरं दिसली. "अगोबाई, सगळं लिहिलंय की रे इथं!" म्हणाल्या आणि सुटल्या! पदर खोचलेला, पिशवी काखोटीला. त्यांच्यामागे मी, रिकामी, कुरकुरत. माझ्यामागे धापा टाकणारा रत्नाकर. लोक थांबून हसत होते. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता.

गेटवर शेवटचे चार प्रवासी उरले होते.

"व्हीलचेअर पॅसेंजर कुठे आहे?" तिथल्या माणसानं विचारलं.

"मीच ती," सकवारबाई म्हणाल्या.

त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्यानं पास घेतला.

आत जाता जाता त्या वळल्या. रत्नाकर भिंतीला टेकून घाम पुसत होता.

"दमलास रे. बस की, ती रिकामीच आहे."

"आम्ही नाही बसत, अक्का."

"मी सांगते ना. बस."

आणि रत्नाकर बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच! मित्रांनो, किती हलका होता तो. इतक्या जणांना त्यानं माझ्यावरून नेलं, पण त्याचं स्वतःचं वजन मला ठाऊकच नव्हतं. मला फार भरून आलं.

तुमच्या आजीचे पाय चालत असतील, तर तिचा हात धरून तिच्याबरोबर चाला. मला सूर्यकांत आजोबांसारख्यांसाठी मोकळी ठेवा. आणि माझ्यावर बसायची वेळ आलीच, तर मागे वळून मला ढकलणाऱ्याला एकदा विचारा, "दमलात का?" माझ्या चाकांना कधीमधी तेल तरी मिळतं. त्याला एवढंही कुणी विचारत नाही.