मागून येणारी करडी स्कूटर

ते साल होते दोन हजार तेरा. मित्रांनो, मी एक जुनी कुलपाची साखळी आहे. आज गंजले आहे, पण तेव्हा माझे पितळी कुलूप उन्हात चमकायचे. जामनगरच्या एका कारखान्यात मी घडले आणि त्याच गावात विकले गेले. संशय घेणे हे माझे कामच. जवळून कोणी गेले की मी आधी त्याचे हात बघे.

निरूपाबेनने मला आणले ते त्यांच्या हेतवीच्या सायकलसाठी. हेतवी पंधरा वर्षांची, स्वमग्न मुलगी. बोलणे मोजके, पण एकदा ठरले की ती काळ्या दगडावरची रेघ. माणसांनी भरलेल्या रिक्षातली दाटी आणि कलकलाट तिला सोसवत नसे. एकदा तर तिने चालत्या रिक्षातून उडी मारली होती. बांधणीच्या साड्यांचे काम शिकायला प्रशिक्षण केंद्रात जायचे तर सायकलने, आणि एकटीने, एवढेच ती म्हणे. तिचे वडील मस्कतला होते. घरात आई आणि आजोबा, वजुदादा.

"वहू, तिला सायकल येते, रस्ता येतो. मग अडवतेस कशाला?" वजुदादा सुनेला विचारत.

"बापूजी, तिला रस्ता कळतो, पण रस्त्याला ती कळते का? कोणी हात धरला तर ती किंचाळेल, आणि लोक तिलाच वेडी म्हणतील."

शेवटी ठरले. एकच रस्ता, पुलावरून जाणारा; पोचल्यावर फोन. "आणि मी मागे येणार नाही," निरूपाबेन म्हणाल्या. हेतवीने ते शब्द दोनदा स्वतःशी म्हणून घेतले.

सायकल चालू असताना मला सीटखाली गुंडाळत, त्यामुळे मला मागचाच रस्ता दिसे. काही दिवसांतच एक करडी स्कूटर माझ्या डोळ्यांवर आली. वर एक बाई, ओढणीने डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेली. तशा बायका गावात पुष्कळ, पण ही आम्ही थांबलो की थांबे. पेरूच्या गाडीवर उगाच पेरू दाबत उभी राही.

"बेन, रोज नाडी बघता, औषध कधी देणार?" पेरूवाला एकदा म्हणाला. ती काही बोलली नाही. मुकी की काय? की आवाज ओळखू येईल म्हणून? माझ्या मनात नाही नाही ते येई. पण साखळीने ओरडायचे कसे?

मग उत्तरायण आले, पतंगांचा सण. मांज्याने गळा कापू नये म्हणून त्या दिवसांत सगळे जण गाडीच्या हॅंडलवर तारेची कमान लावतात. दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायणही सरले, की पुढच्या सकाळी सारे गाव कमानी काढून टाकते. वजुदादांनीही सायकलची काढली.

"दोरे आहेत," हेतवी म्हणाली.

"अगं, पतंग संपले! आता काय मांडव घालून फिरायचं?"

"पतंग संपले. दोरे आहेत. तारेवर आहेत. झाडावर आहेत."

"हट्टी मुलगी!" दादा म्हणाले. तिने मुकाट्याने कमान पुन्हा बसवली आणि निघाली.

वाटेत एका कडुनिंबावरून मांजा रस्त्यात लोंबत होता. तो कमानीला लागला, वर सरकला आणि हेतवीच्या डोक्यावरून मागे गेला. मागे करडी स्कूटर होती. तिच्यावर कमान नव्हती. किंकाळी आली, स्कूटर आडवी झाली. बरी सापडली, असे मला वाटले. ओढणीच्या घड्या कापत मांजा हनुवटीत रुतला होता. कोणीतरी ओढणी सोडवली.

त्या निरूपाबेन होत्या. स्कूटर शेजारच्या मधुकांतामासींची, उसनी मागून आणलेली.

माणसे जमली. हेतवीने एक कान दाबला, दुसऱ्याला फोन लावला. "दादा, मम्मी पडली. कडुनिंबापाशी. रक्त आहे. या." मग ती आईकडे वळली. "तू म्हणालीस, मागे येणार नाही."

"भीती वाटली गं, बेटा."

"मी रोज फोन केला. तू खोटं बोललीस."

त्यानंतर हेतवीने सायकलला हात लावला नाही. दारावरून स्कूटर गेली की ती खिडकीतून बघे, कोण आहे. माझा रोग तिला लागला होता. केंद्रातून निरोप आला, जागा फार दिवस राखता येणार नाही.

हनुवटीची पट्टी सुटली त्या दिवशी निरूपाबेन तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "बेटा, माझी भीती जात नाही. तूच सांग, काय करू?"

हेतवीने अट घातली. "पुलापर्यंत ये. शेजारून. तोंड बांधायचं नाही. पुलावरून परत जायचं."

दुसऱ्या सकाळी त्या पुलापर्यंत आल्या. मी सीटखालून बघत होते. त्या पुलावर उभ्या राहिल्या, लहान लहान होत गेल्या. पण एक पाऊल पुढे आल्या नाहीत.

वजुदादा आता नाहीत. मधुकांतामासी मुलाकडे राजकोटला गेल्या. निरूपाबेनच्या हनुवटीवर वण आहे. वर्षभराने त्यांनी पुलापर्यंत जाणेही सोडले. हेतवी त्याच केंद्रात पगारावर आहे आणि विजेच्या सायकलवरून जाते. तिचे कुलूप गाडीतच असते, म्हणून मी माळ्यावर पडून आहे.

मित्रांनो, जुन्या साखळीला कधीतरी तेलाचे दोन थेंब द्या. आणि जिवाभावाच्या माणसाची काळजी वाटली, तर त्याला विचारून, त्याला दिसाल असे चाला. तो थांब म्हणेल तिथे थांबा. थांबणे फार जड जाते, हे मी त्या पुलावर पाहिले आहे.