सुट्या पात्यांचे रविवार

रजनीबाई मुलाकडे पुण्याला गेल्या त्या दोन महिन्यांसाठी, नातीला, भूमिकाला, सांभाळायला. सरकारी भाषेत याला प्रतिनियुक्ती म्हणतात, आणि प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस वेळेवर परत आल्याचं अरविंद सरांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. आता नात शाळेत जायला लागली होती आणि रजनीबाई तिथे कायम झाल्या होत्या. सर स्वतःही एकदा राहून आले. मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांना बसायला जागा होती, उठून कुठे जायला नव्हती. म्हणून ते बुऱ्हाणपूरला परतले. इथे उठून जायला अख्खं गाव होतं. परत येऊन बसलं की समोर कोणी नसायचं, एवढंच.

सरांनी पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवण्यात जन्म घालवला. रेघ जाड आली म्हणून पोरं नापास केली. पण स्वतःच्या मुलाशी, तुषारशी, त्यांचं बोलणं फारच बारीक रेघेचं. रविवारी त्याचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"बरं, आईला देतो."

तेवढ्यात गॅसवरचं दूधसुद्धा वर येत नसे.

अशात जवळच्या निंबोला गावचा सुकलाल मशीनचं ड्रॉइंग मागायला आला. घड उतरवला की केळीची खोडं बांधावर फेकून द्यायची, हीच त्याच्या बागेची रीत. पण त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, गावातल्या बायांचा एक गट जमवला होता. खोडाची सोपटं, म्हणजे सुटे होणारे थर, मशीनमध्ये घालून धागा काढायचा, धाग्याच्या टोपल्या आणि चटया करायच्या. बाजारातलं मशीन त्यांच्या अंगणापेक्षा मोठं निघालं. लहान मशीन कागदावर कोण काढून देईल, असं विचारत सुकलाल सरांपर्यंत पोचला. सरांनी लगेच हो म्हटलं. भाजीवाला सोडला तर बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

तुषार पुण्यात हेच काम करतो, कम्प्युटरवर यंत्रं काढायचं. त्याचा जुना लॅपटॉप सरांकडे पडून होता. त्या रविवारी त्यानं पुण्यात बसून सरांचा स्क्रीन उघडला आणि शिकवणी सुरू झाली.

"बाबा, मशीनचा जीव म्हणजे हा फिरणारा ड्रम. ड्रमवर पाती, सगळी एकसारखी. तर एकच पातं काढा, त्याचा कंपोनंट करा आणि त्याच्याच प्रती गोल बसवा. पुढे एका पात्याला भोक पाडलं की सगळ्यांना पडतं."

"आणि नाही केला कंपोनंट तर?"

"नुसती बॉडी कॉपी केली तर प्रत्येक पातं सुटं. दिसायला तेच, पण नंतर मूळ पात्याचं काय झालं याची त्याला खबर नाही. एकेकाला धरून दुरुस्त करत बसावं लागतं. तसं करू नका. फार वेळ जातो."

फार वेळ जातो, हे सरांनी नीट ऐकून घेतलं.

फोन संपला तेव्हा दूध वर येऊन, उतू जाऊन, शेगडीवर वाळलंही होतं. सर ते खरवडताना गुणगुणत होते. मग ते लॅपटॉपसमोर बसले आणि त्यांनी एकूण एक पातं बॉडी म्हणून कॉपी केलं.

सुकलालनं भंगारातून ड्रम आणला. त्याची भोकं मोजून पात्यांना तशीच भोकं पाडायची होती. तुषारनं फाइल उघडली.

"बाबा, ही सगळी सुटी आहेत."

"अरे. चुकलं वाटतं."

"पुसून नव्यानं करू या?"

"एवढी मेहनत केलीय," सर म्हणाले. "एकेक करू की. मला घाई नाही."

तेव्हापासून रविवार पात्यांवर चालू लागले. तुषार सांगायचा, सर माऊस भलतीकडे न्यायचे. ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या डोळ्यानं तिरकी रेघ पकडली, त्याला आता बटण सापडत नव्हतं. लॅपटॉप म्हातारा होता, प्रत्येक भोकाला विचार करायचा, आणि तो विचार करत असताना तुषार काहीबाही बोलायचा. साहेबाचं डोकं फिरलंय. गुडघा दुखतोय, पण आईला सांगू नका. भूमिका हल्ली खोटं बोलते, आणि फार छान बोलते. सर हूं म्हणायचे. लॅपटॉपचा विचार संपला की त्यांना वाईट वाटायचं.

पातं कापायचं प्रकाशच्या वर्कशॉपमध्ये. त्याला एका पात्याचं चित्र पुरलं असतं, पण प्रकाशचा नियम होता, सगळं मशीन स्क्रीनवर फिरताना दिसल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. मागे एकदा त्यानं एका पात्यावरून सगळी पाती कापली होती. ती ड्रमला लागली नाहीत, एकमेकांना लागली. तेव्हापासून तो शहाणा झाला होता. त्याच्या शहाणपणावर सर मनातून खूश होते.

मग एका दुपारी सुकलाल आणि मथुराबाई दारात. सुकलालच्या खांद्यावर केळ्यांचा घड.

"सर," मथुराबाई टेकायच्या आत म्हणाली, "तुमचं मशीन अजून कम्प्युटरातच फिरू राहिलं का?"

"पुण्याचे इंजिनियर अभ्यास करताहेत," सर गंभीरपणे म्हणाले.

"इंजिनियर पुण्याचे, खोडं निंबोल्याची. ती सडू राहिली."

"अगं, सरांशी असं बोलतात का?" सुकलाल म्हणाला.

"मग कोणाशी बोलू? तुमच्याशी बोलून तर पाहिलं." ती सरांकडे वळली. "एका बागेची खोडं गेली, सर. दुसरी बाग कापायला आली. गटातल्या बाया रोज विचारू राहिल्या, मी मागच्या दारानं निघते. दोघी तर म्हणतात, छोडो बाई, मजुरीला जाऊ. त्या गेल्या की गट गेला."

मथुराबाईची नजर सुकलालनं मागे आणून दिलेल्या, कोपऱ्यातल्या घडाकडे गेली. केळी कंपोनंटसारखी वागतात, एक पिकलं की सगळी. तो घड काळा पडून चिलटं जमा करत होता.

"घरात कोण कोण असतं, सर?"

"येणारे-जाणारे असतात."

तिनं नव्या घडावर विळा मारला, थोड्या फण्या टेबलावर ठेवल्या, बाकीचा घड सुकलालच्या खांद्यावर परत दिला. जाताना कोपऱ्यातला काळा घडही शेळ्यांना म्हणून उचलून नेला.

ती गेल्यावर सरांनी लॅपटॉप उघडला. एक पातं ठेवलं, बाकीची सगळी पुसली. रविवारांनी भोकं पाडलेली पाती एकेक करून स्क्रीनवरून गेली. उरलेल्या एकाचा कंपोनंट केला, प्रती ड्रमभोवती बसवल्या, ड्रमच्या मापाची भोकं एकाच पात्याला पाडली. बाकीच्यांना आपोआप पडली. हे सोपं असतं हे त्यांना ठाऊक होतं. इतकं चटकन संपतं हे मात्र पाहिलं नव्हतं. बाहेर अजून ऊन होतं. सरांनी फाइल प्रकाशला पाठवून दिली.

रविवारी तुषारचा फोन आला. "बोला, कितव्या पात्यावर आहोत?"

"झालं सगळं. कंपोनंट केले."

"तुम्ही? कोणी शिकवलं?"

"तूच की. पहिल्या रविवारी."

तिकडे शांतता झाली. लॅपटॉप विचार करायचा तशीच, पण जास्त लांब.

"मग इतके दिवस आपण..."

"मशीन गुंतागुंतीचं आहे," सर म्हणाले.

"हो," तुषार म्हणाला. मग, "चला, बरं झालं. भूमिकाच्या पोहण्याचा क्लास याच वेळेला असतो, बुडत होता. आता नेता येईल."

"ने, ने," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात निंबोल्याला मशीन फिरलं. सुकलालनं व्हिडिओ पाठवला. सोपट आत जात होतं, पांढरा धागा बाहेर येत होता, आणि मथुराबाई कॅमेऱ्याकडे न बघता कोणाला तरी ओरडत होती. सरांनी तो तुषारला पुढे पाठवला. तुषारनं अंगठा पाठवला.

रविवारी फोन आला नाही. सरांनी दूध तापवलं, ते वर आलं, त्यांनी वेळेवर गॅस बंद केला. लॅपटॉप उघडून ड्रम फिरवला. कुठे एखादं भोक इकडचं तिकडे करता आलं असतं. पण एक हललं की सगळी हलणार, आणि निंबोल्याला पाती केव्हाच बसली होती. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि फोन स्वतः लावला.

"काय अडलं, बाबा?" तुषारच्या मागे पोरांचा गोंगाट होता.

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. असाच केला."

"असाच?" तुषार घाबरला. "तब्येत?"

"बरी आहे."

"आई घरी आहे. तिला सांगू का फोन करायला?"

"तिच्याशी सकाळी बोललो. तू बोल."

"काय बोलू?"

हे सरांनाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाशी विषयाशिवाय बोलून पाहिलं नव्हतं.

"पाण्याचा आवाज येतोय," ते म्हणाले.

"स्विमिंग पूलवर आहे. भूमिका शिकतेय."

"जमतंय?"

"कुठलं. नाक धरून पायरीवर बसलीय. मी कडेला उभा आहे, तिला वाटतं मी निघून जाईन."

"मग जाऊ नकोस."

"नाही जात," तुषार म्हणाला. "फोन चालू ठेवू का? बोलायला नाही जमणार, तिच्याकडे लक्ष द्यावं लागतंय."

"ठेव चालू. मला काही काम नाही."

तुषारनं फोन कुठेतरी बाकावर ठेवला असावा. सर कानाला लावून बसले. पाणी आपटत होतं, शिट्टी वाजत होती, कोणाचं तरी पोर रडत होतं. त्यात भूमिकाचा आवाज कोणता, हे सरांना ओळखू येत नव्हतं. ते ऐकत राहिले.