एकमताने मंजूर

ठराव एकमताने मंजूर झाला, बाजाराच्या इमारतीवर वीस फुटी फलक चढला आणि पहिल्या मजल्यावरच्या घड्याळजीच्या खिडकीतला उजेड संपला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. घड्याळजीने तरी दुसरं काय केलं? सकाळी अकराला टेबलावरचा दिवा लावला, भिंग डोळ्याला चढवलं आणि "आज जरा ढगाळ आहे," म्हणून कामाला लागला.

तर, काहीही झालेलं नाही. खिडकी मोकळी आहे, टेबलावर ऊन आलंय. टेबलाच्या या टोकाला घड्याळजी, त्या टोकाला त्याची मोठी बहीण. ताई रफू करते. कोटाचं भोक ती असं बुजवते, की ते कुठे होतं हे विचारायला मालक पुन्हा तिच्याकडेच येतो. तिला हवा फक्त दिवसाचा उजेड. दिव्याखाली काळा आणि गडद निळा दोरा सारखाच दिसतो.

गाळा मात्र घड्याळजीच्या नावावर, आणि गाळ्यामागे मत एक. तशी मतं त्याच्याकडे ढिगाने होती. रस्ते, औषधं, दुसऱ्यांचे जावई, कशावरही मागा. द्यायची वेळ आली की एकही नसायचं.

अशात तळमजल्यावरच्या पडदेवाल्याने ठराव आणला, की इमारतीच्या तोंडावर त्याच्या दुकानाचा फलक लागावा. खिडकी झाकायचीच त्याची इच्छा होती असं नाही. पण माणूस धंद्याशी प्रामाणिक.

"वर सेक्रेटरीकडे जा, 'नाही'वर फुली मार आणि ये," ताई म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

"ताई, प्रश्न तत्त्वाचा आहे. 'नाही' म्हटलं तरी हा खेळ मला मान्य आहे असं होतं."

"आणि 'नाही' म्हटलं नाहीस तर?"

"तर माझं मौन बोलेल."

"तू बोलतोस तेव्हाही कुणी ऐकत नाही रे. मौनाला कोण विचारतंय?"

घड्याळजीने उत्तर दिलं नाही. मौनाचा सराव चालू होता. मग तो गाळ्यागाळ्यात हिंडला. मत पवित्र असतं, ते बुटाच्या खोक्यात टाकायचं नसतं, असं सांगत सुटला. मतपेटी म्हणून खरंच चपलेवाल्याने दिलेलं बुटाचं खोकं ठेवलं होतं, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. चष्मेवाल्याला तो लगेच पटला. त्याला जिने चढायचेच नव्हते. चावीवाल्याला तर भरून आलं. "अकरा वर्षं मी तत्त्वाने वागतोय," तो म्हणाला, "आणि घरचे मला आळशी म्हणायचे!"

मतदानाच्या दिवशी बावीस गाळेवाले जिन्यात बसून मत न देण्याचं काम करत होते. एकेकाच्या चेहऱ्यावर असं तेज, की जणू आत्ताच कुणाचा तरी जीव वाचवून आलेत. पडदेवाला आला. "जरा सरकता का?" म्हणाला. बाविसांनी पाय आवरून त्याला वाट दिली. एकाने तर हात दिला, पायरी निसरडी होती.

सेक्रेटरीने खोकं उघडलं. "हो, एक. नाही, शून्य. ठराव एकमताने मंजूर."

"एकमताने काय? एका मताने म्हणा!" घड्याळजी उसळला.

"लिहायला सारखंच पडतं."

"अहो, बावीस जणांचा विरोध आहे!"

"कुठे?"

"खोक्यात नाही ना, तोच विरोध!"

सेक्रेटरी नियमाचा पक्का. त्याने खोकं उलटं करून झटकलं. विरोध काही पडला नाही. बुटांबरोबर येते ती ओल शोषणारी पुडी तेवढी पडली. "ही तुमची का?"

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

फलक चढल्यावर चौथ्या दिवशी एक कोट परत आला. काळ्या कोटावर निळं रफू. तीस वर्षांत पहिल्यांदाच ताईने बुजवलेलं भोक कुणालातरी दिसलं होतं. तिने रफू उसवलं, सुया डबीत भरल्या, स्टूल उचललं आणि समोरच्या टपाल कचेरीच्या पायरीवर उन्हात जाऊन बसली. घड्याळजी मागोमाग धावला.

"ताई, अगं लोक काय म्हणतील? निदान काहीतरी बोल."

ताईने सुईत दोरा ओवला.

"ताई!"

"माझं मौन बोलतंय," ती म्हणाली. "ऐक की."

त्याला काही ऐकू आलं नाही. त्याच संध्याकाळी त्याने सेक्रेटरीकडे अर्ज दिला. तो असा:

"अर्ज करतो की, मतदानाची तारीख उलटून गेली असली तरी अर्जदाराचे मत अद्याप कोरे व न हाताळलेल्या स्थितीत शिल्लक आहे. ते मागील तारखेने 'नाही' या रकान्यात घ्यावे. ते नियमात बसत नसल्यास, अर्जदाराच्या ताईने टपाल कचेरीच्या पायरीवरून उठून पूर्ववत आत येऊन बसावे, असा ठराव एकमताने मंजूर करण्यात यावा. त्यासाठी लागणारे एक मत देण्यास अर्जदार तयार आहे."