अर्धा दात

आत्याने बर्गर तोंडाशी नेला आणि तसाच परत ताटलीत ठेवला.

“काय झालं? फार गरम आहे का?” भाच्याने विचारलं.

“आधीच कुणीतरी खाल्लाय.”

त्याने ताटली फिरवली. पलीकडच्या कडेचा एक छोटा घास गेलेला होता.

“हद्द झाली! पैसे घेऊन उष्टं वाढतात?” तो उठायलाच निघाला. आत्याने त्याचं मनगट धरलं.

‘पूर्वीसारखा बर्गर’ अशी पाटी वाचून त्यानेच तिला इथे आणलं होतं. एवढी लाडीगोडी कशासाठी, ते आत्याला घरातून निघतानाच कळलं होतं. त्याच्या पिशवीत प्रतिज्ञापत्र होतं आणि तीन वाजता वकील भेटणार होते. एकोणसाठ वर्षं बेपत्ता असलेली आपली बहीण हयात नाही, एवढं आत्याने लिहून दिलं की वडिलोपार्जित घर विकता येणार होतं. असे दोन कागद तिने याआधी टराटरा फाडले होते. “मेली म्हणून मी सही करायची? आणि उद्या ती दारात उभी राहिली तर तोंड कुणी दाखवायचं, तू?”

ताई सोळा वर्षांची असताना बसस्टँडजवळच्या बर्गरच्या दुकानात कामाला होती. दर शनिवारी ती नऊ वर्षांच्या धाकटीसाठी लाल कागदात गुंडाळून एक बर्गर आणायची. तो कधीच अख्खा नसायचा. “जकात!” भरल्या तोंडाने ती म्हणायची. सायकलवरून पडून तिचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता. त्यामुळे ती चावायची तिथे मधोमध पावाची एक बारीक कड उभी राहायची. धाकटी आधी ती कड खायची. मग एका शनिवारी ताई कामाला म्हणून निघाली आणि दुकानात पोचलीच नाही.

समोरच्या घासातही ती कड उभी होती.

भाच्याने बोलावणं धाडलं तशी स्वयंपाकीणबाई एप्रनला हात पुसत बाहेर आली.

“मावशी, मीच केला, मीच आणून ठेवला. मधे कुणाचा हातसुद्धा लागला नाही. अख्खा होता हो, शप्पथ!”

“जरा हास बघू.”

“अं?”

“दात दाखव गं.”

बाई ओशाळून हसली. दात मोठे, सरळ, एकसारखे होते.

“दुसरा करून आणते.”

“नको. हाच राहू दे.”

ती गेल्यावर आत्याने त्या खाचेत बोट घातलं. पाव तिथे अजून ओलसर होता. दोन बोटं घालून पाहिली, ती मावेनात. मग बर्गर फिरवून अलीकडच्या कडेचा एक घास तिने स्वतः घेतला. तोच आंबटगोड सॉस होता, तोच जरा जास्त करपलेला कांदा. ती सावकाश चावत राहिली. गिळून झाल्यावर तिने दोन्ही घास शेजारी शेजारी येतील असा बर्गर मोडून ठेवला. तिच्या कवळीचा घास रुंद आणि सपाट होता. दुसरा लहान होता, सोळा वर्षांच्या पोरीचा.

“आज पंच्याहत्तरीची असती,” ती म्हणाली. “माझ्याआधी तिचे दात गेले असते.”

“कुणाचे?”

आत्या त्या छोट्या घासाकडे बघत बसली. कवळीच्या आत तिची जीभ एकदा फिरली.

“कागद काढ.”

“आत्ता? अगं, वकिलांसमोर करायची ना सही?”

“तीनपर्यंत माझं मन फिरेल. पेन दे.”

त्याने घाईघाईने टेबल पुसून कागद पसरला. आत्याने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. ‘बेपत्ता व्यक्तीचं सही करणाऱ्याशी नातं’ यापुढे ‘थोरली बहीण’ असं टाइप केलेलं होतं. तिथे पेन थांबलं.

“काही चुकलंय का, आत्या?”

“नाही. तेव्हा बरोबर होतं,” ती म्हणाली, आणि खाली सही केली.